पाऊस आला की बंद पडतं: ट्रॅक्टरवरचं आणि बांधावरचं सामान बदलण्याआधी काय तपासायचं

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर ठरलेलं सामान येतं. ट्रॅक्टरवर बसवलेला मोबाईल चार्जर, मोसंबीच्या बागेतला कॅमेरा, आखाड्यावरचा सोलर लाइट, मोटारसायकलच्या हँडलवर लावलेला फोन. आणणारा माणूस सांगतो तेही ठरलेलं असतं. "दादा, वॉटरप्रूफ म्हणून घेतलं होतं, अन् पाऊस आला की बंदच पडायलंय."

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चौदा वर्षं मी हे सामान दुरुस्तीसाठी उघडतोय. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. पावसात मेलेलं सामान बहुतेक वेळा उन्हाळ्यातच निम्मं मेलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर जातो. त्या उन्हात झाकणाचं रबर कडक होतं, प्लॅस्टिक वाकतं, टेपचा डिंक वितळतो. वर काळ्या मातीची धूळ आणि नांगरटीचे हादरे. पाऊस येतो तेव्हा त्याला वाट तयार असते. म्हणून दर वर्षी आणखी महागडी वस्तू घेण्याआधी जुनी नेमकी कशानं गेली ते बघा. ते कळलं नाही तर नवीही त्याच वाटेनं जाईल.

आधी लक्षण ओळखा

- रात्री किंवा पहाटे बंद, अकरा-बाराला ऊन तापलं की आपोआप चालू. आत ओल धरली आहे. अजून वाचवता येतं, पण लवकर हात लावा.
- दुपारी बंद, दिवस मावळला की चालू. ही उष्णता. पावसाळ्यात चार दिवस उघडीप पडली तरी असं होतं आणि लोक ते पावसाच्या नावावर घालतात.
- ट्रॅक्टर उभा असताना चालू, ढेकळांतून चालायला लागला की बंद. कुठंतरी जोड ढिला आहे.
- स्टार्टर मारला की वस्तू बंद होऊन पुन्हा सुरू होते. व्होल्टेज पडतंय, वस्तूचा दोष नाही.
- फोन चार्जिंगला लावला की ओलाव्याचा इशारा येतो, किंवा केबल एकाच बाजूनं लावली तर चालते. पोर्टमध्ये ओल, मीठ किंवा माती.
- कॅमेऱ्याच्या काचेवर आतून वाफ. झाकणाचं रबर किंवा वायरचं भोक.
- एका रात्रीत पूर्ण मेलं, आणि त्याच लाइनवरचं दुसरंही काही गेलं. वीज पडली असेल किंवा व्होल्टेज चढलं असेल.
- पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. पुढचं काही करू नका. खाली ‘कुठं थांबायचं’ लिहिलंय, सरळ तिथं जा.

तपासणीच्याही आधी

वस्तू ओली असेल तर चालू करून बघू नका. हे मी दुकानात दिवसातून दहादा सांगतो. नुसतं पाणी लगेच काही खात नाही. पाणी आणि करंट एकत्र आले की बोर्डावरचं तांबं विरघळायला लागतं आणि मिनिटांत हिरवट-पांढरा थर चढतो. "चालू होतंय का बघावं म्हणून चारदा बटण दाबलं" असं ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण पहिल्या वेळी ती वस्तू बहुधा वाचली असती. प्लग काढा, फ्यूज काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा.

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचा भुगा पोर्टमध्ये बसतो. ॲपल कंपनी स्वतःच्या सूचनांतही तांदूळ वापरू नका असं सांगते. उन्हातही ठेवू नका. फॅनखाली सावलीत, पोर्टचं तोंड खाली करून ठेवा.

१. वायर कुठून आत शिरते?

याला पैसा लागत नाही, आणि माझ्याकडं येणाऱ्या पेट्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच. पेटीच्या वरच्या किंवा बाजूच्या भोकातून वायर आत गेली असेल तर पाऊस वायरीवरून ओघळत थेट आत येतो. वायर नेहमी खालून घ्यायची. शिवाय आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, पाण्याचा थेंब त्या झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतो. चार बोटं जास्तीची वायर एवढाच काय तो खर्च.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वायरीच्या बारीक तारांमधल्या फटीतून पाणी इन्सुलेशनच्या आतून चालत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. वायरीचं एक टोक बाहेर उघडं असेल तर दोन फूट लांबच्या बंद पेटीत पाणी सापडू शकतं. पेटी सगळीकडून कोरडी आणि फक्त टर्मिनलपाशी ओली दिसली तर समजा पाणी वायरीच्या आतून आलं.

पेटीला न वापरलेलं भोक असेल तर डमी ग्लँड (भोक बंद करणारा बूच) लावून बुजवा. त्या भोकातून पाण्याआधी मुंग्या जातात. मुंग्यांनी आत माती भरून केलेलं घर मी कितीतरी पेट्यांत पाहिलंय. माती ओल धरते आणि ओल जोड खाते. पालीही शिरतात आणि दोन टर्मिनलांना एकदम टेकून मरतात, फ्यूज उडतो.

२. सावलीत ठेवून बघा

दुपारी बंद पडणाऱ्या वस्तूला दोन दिवस सावली द्या. पत्र्याचा तुकडा, फळीचा आडोसा, झाडाची सावली, काहीही चालेल. फक्त पत्रा पेटीला चिकटू देऊ नका, मध्ये दोन बोटं हवा खेळली पाहिजे. तेवढ्यानं वस्तू नीट चालली तर दोष सापडला, दुरुस्तीची गरजच नाही.

लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगजवळ उन्हात लावलेला, नकाशा चालू असलेला आणि चार्जिंगला जोडलेला फोन यापुढं सहज जातो. फोन चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो, शेवटी बंद होतो. तो स्वतःला वाचवत असतो. असं रोज होत राहिलं तर बॅटरी फुगते, फुगलेली बॅटरी मागचं झाकण उचलते, झाकणाची गोंदपट्टी सुटते. मग तोच ‘पाण्यात चालणारा’ फोन जुलैच्या पहिल्या झडीत जातो. पावसानं मेलेला म्हणून आणलेला फोन मी आधी टेबलावर उताणा ठेवून बघतो. तो डुलला तर मागचं झाकण उचललं गेलंय, म्हणजे उन्हाळ्यानंच काम केलंय.

सोलर लाइटमध्ये बॅटरी बहुतेक पॅनेलच्या पाठीला चिकटलेली असते, म्हणजे सगळ्यात गरम जागी. दोन उन्हाळ्यांत ती मेली तर नवल नाही. बदलताना लिथियम आयर्न फॉस्फेट मागा. ती उष्णता जास्त सोसते. पण चार्जरचं सर्किट तिच्या व्होल्टेजचं आहे का ते मेकॅनिकला आधी विचारा, कारण साध्या लिथियम सेलपेक्षा तिचं व्होल्टेज कमी असतं. नुसती सेल बदलून चालत नाही.

३. पोर्ट साफ करा

फोन शर्टाच्या खिशात असतो, शर्ट घामानं भिजलेला असतो. घाम म्हणजे मिठाचं पाणी, ते पावसाच्या पाण्यापेक्षा वाईट. खताची गोणी फोडलेल्या हातानं केबल लावली की युरिया-डीएपीची पूड पोर्टमध्ये जाते. खत हवेतली ओल ओढतं, म्हणून पोर्ट कोरडं करूनही इशारा परत येत राहतो.

फोन बंद करा. लाकडी टूथपिकनं माती हळू सैल करा, मऊ ब्रशनं झाडा. सुई, टाचणी नको. मग मोबाईलवाल्याकडं मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून दोनदा फिरवा आणि तासभर वाळू द्या. दवाखान्यातलं पातळ स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. केबलचं टोकही बघा. सोनेरी पट्ट्यांत एक काळी पडलेली असेल तर केबल फेकून द्या, नाहीतर ती नवं पोर्टही जाळेल.

४. बाहेर लोंबणारे जोड

यावर थोडं जास्त लिहितो, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथं बुडतात.

एका तरुण शेतकऱ्यानं मोसंबीच्या बागेत दोन वर्षांत तीन कॅमेरे बदलले. तिन्ही आयपी ६६ (धूळ आणि पाणी किती अडवतं ते सांगणारा डब्यावरचा आकडा). दर वेळी आधीपेक्षा महाग. तिसरा घेऊन आला तेव्हा रागानं म्हणाला, "मामा, कंपन्या लुटायल्यात." मी कॅमेरा उघडला. आत एक थेंब नाही, काच स्वच्छ, रबर ताजं. मग मागची शेपटी बघितली. कॅमेऱ्यातून वीतभर वायर निघते आणि तिच्या टोकाला पॉवरची पिन असते. ती पिन त्यानं खांबाला तशीच बांधली होती, वर साधी काळी टेप. उन्हानं टेपचा डिंक उतरला, आत पाणी बसलं, पिन हिरवी होऊन तुटली. डब्यावरचा ६६ हा आकडा कॅमेऱ्याच्या अंगाचा असतो. शेपटीच्या जोडाला तो लागू नाही. आधीचे दोन कॅमेरे त्यानं भंगारात दिले होते. ते बहुधा चांगलेच होते.

तेव्हा जोड उघडा आणि बघा. काळा, हिरवा किंवा पांढरा थर असेल तर तेवढं टोक कापून चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागं या. तार आतपर्यंत काळी असेल तर पूर्ण वायर बदला. वायर पिळून टेप मारायची सवय सोडा. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबून बसवा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी, चढवा. गोंदाची स्लीव्ह साधीपेक्षा महाग असते, पण गरम केल्यावर कडेनं गोंद बाहेर येतो आणि जोड खरोखर बंद होतो. कॅमेऱ्याची शेपटी जंक्शन बॉक्समध्ये घ्या आणि बॉक्सचं भोक खाली ठेवा.

सिलिकॉन लावणार असाल तर वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि ते तांबं खातं. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ म्हणून मागा. आणि आखाड्यात ज्या खोलीत खताच्या गोण्या आहेत त्या खोलीत कंट्रोलर, बॅटरी, चार्जर ठेवू नका. खतातला अमोनिया तांब्या-पितळेच्या जोडांना हिरवं करतो, तिथं पाऊस यायचीही गरज नाही.

५. झाकण आणि रबर

झाकण उघडून रबरावर बोट फिरवा. माती, केस, गवताची काडी, जुन्या रबराचा तुकडा, यातलं काहीही असेल तर तिथून पाणी येणार. ओल्या फडक्यानं पुसा. मग वहीच्या कागदाची पट्टी रबरावर ठेवून झाकण बंद करा, स्क्रू आवळा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखी घट्ट लागली पाहिजे. एका बाजूनं सहज निघाली तर तिथं रबर दबलेलं आहे किंवा प्लॅस्टिक वाकलंय. रबर वाकवल्यावर भेगा दिसल्या तर बदला. स्क्रू आवळताना एक पूर्ण आवळून दुसरा घेऊ नका, ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे थोडे थोडे घ्या.

आता रबर चांगलं असूनही आत वाफ का धरते ते सांगतो. आयपी ६७ मधला ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. त्या चाचणीत अट असते की पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक नसावा. आपल्याकडं काय होतं? बांधावरची काळी पेटी दुपारी ६० अंशांपर्यंत तापते. चारला आभाळ येतं, वळीव कोसळतो, पेटी दहा-पंधरा मिनिटांत २७ वर येते. आतली हवा आकसते, दाब साधारण १० टक्के घटतो. बाहेरच्या हवेचा दाब म्हणजे सुमारे दहा मीटर पाण्याचा, त्याचे १० टक्के म्हणजे एक मीटर. खांबाला टांगलेली पेटी कुठंही न बुडता एक मीटर खोल पाण्यात असल्यासारखी ओढ धरते, आणि नेमकं त्याच वेळी तिच्या रबरावर पाणी वाहत असतं. चाचणीतलं रबर नवं होतं, तुमचं तीन उन्हाळे बघितलेलं आहे.

याच कारणानं चांगल्या पेट्यांना खालच्या बाजूला छोटा श्वासाचा बूच असतो. त्यातून हवा जाते, पाणी जात नाही. काही जण ते भोक म्हणजे कंपनीची चूक समजून एम-सीलनं बुजवतात. असं केलं की पेटी रबरातून श्वास घेते, आणि पाणी घेऊनच घेते. बूच मातीनं भरला असेल तर मऊ ब्रशनं साफ करा. कुंभारमाशीनं त्यावर घर केलंय का तेही बघा.

आत सिलिका जेलची पुडी ठेवणं चांगलं, पण फक्त झाकण नीट बसत असेल तर. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले.

६. करंट नीट येतो का

इथून पुढं मल्टीमीटर लागतो. साधा तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि शेतकऱ्याच्या घरी असावाच. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असेल तर इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू असताना १५ च्या वर जात असेल तर आधी अल्टरनेटरचा रेग्युलेटर दाखवा, नाहीतर नवा चार्जरही जळेल. स्टार्टर मारताना व्होल्टेज बरंच खाली येतं, त्यामुळं स्वस्त चार्जर आणि जीपीएस तेवढ्यापुरते बंद होतात. वस्तू स्टार्टरनंतर जोडायची सवय लावा किंवा मध्ये स्विच घ्या.

मग वस्तू चालू ठेवून बॅटरीच्या प्लसपासून वस्तूच्या प्लसपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर मधल्या जोडात किंवा फ्यूजच्या बैठकीत कार्बन आलाय. मायनसलाही तसंच करा. ट्रॅक्टरच्या बॉडीला रंग आणि गंज असतो, म्हणून मायनस बॉडीवर न घेता वेगळी वायर बॅटरीपर्यंत न्या. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ हवा, वस्तूजवळ नाही. वायर मध्ये कुठं घासून शॉर्ट झाली तर तिच्या आधी फ्यूज असला पाहिजे, नाहीतर आग लागते.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका. दुसऱ्या ट्रॅक्टरवरून बॅटरी जोडून चालू केल्यावर घाईघाईत वायर ओढून काढतात. त्या क्षणी अल्टरनेटर मोठं व्होल्टेज फेकतो, आणि चार्जर तिथंच जातात. पावसात ट्रॅक्टर बंद पडतो, दुसऱ्या बॅटरीवर चालू करतात, वायर ओढतात, आणि चार्जर पावसानं गेला असं सांगतात.

७. हादरे

वस्तू चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं हलकं टिचका मारत जा, वायर थोडी थोडी हलवत जा. जिथं बंद पडेल तिथं जोड ढिला. पिन वाकवून बसवणं हा आठवड्याचा इलाज आहे, सॉकेटच बदला.

मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावत असाल तर रबरी डँपर असलेला होल्डर घ्या. ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की मोठ्या इंजिनच्या मोटारसायकलच्या हादऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. हे कुठल्याही कंपनीच्या तशा कॅमेऱ्याला होऊ शकतं. फोटो थरथरतात, पाण्याचा संबंध नसतो.

८. उघडून साफ करणं

वस्तू १२ व्होल्ट डीसीवर किंवा त्याखाली चालणारी असेल, हमी संपलेली असेल आणि बॅटरी फुगलेली नसेल, तरच हे घरी करा. आधी मोबाईलवर फोटो काढा, कुठली वायर कुठं होती ते नंतर आठवत नाही. बोर्डावर हिरवा-पांढरा थर दिसला तर जुन्या मऊ टूथब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासा, पुसा, पुन्हा घासा. पेट्रोल, थिनर नको, प्लॅस्टिक विरघळतं. जवळ विडी-काडी नको. फॅनखाली पूर्ण एक दिवस ठेवा, मग जोडा.

पुरात बुडालेल्या सामानाची गोष्ट वेगळी. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या पात्राबाहेर आल्या तेव्हा गाळानं भरलेलं सामान पोत्यांनी आलं. लोकांनी ते आठ-आठ दिवस वाळवलं होतं, आणि तेच चुकलं. काळी माती वाळली की दगडासारखी आवळते आणि बोर्डावरच्या चिपचे बारीक पाय उपटून काढते. असं सामान बॅटरी काढून, ओलं असतानाच स्वच्छ पाण्यानं हळू धुवायचं, मग अल्कोहोलनं, मग वाळवायचं. पाण्यात बुडालेली वस्तू पुन्हा पाण्यानं धुवायला लोकांचा हात धजत नाही. पण गाळ आत ठेवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

कुठं थांबायचं

मोटारीची स्टार्टर पेटी, मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटार चालू करणारी पेटी), २३० किंवा ४१५ व्होल्टवर चालणारी कुठलीही पेटी घरी उघडू नका. शेतीची लाइट पाळीनं येते. तुम्ही पेटीत हात घातलेला असताना लाइट येते आणि ऑटो स्विच आपोआप मोटार चालू करतो. ‘आत्ता लाइट नाही’ ही सुरक्षितता नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. खांबावरचं, डीपीचं काम फक्त महावितरणच्या माणसाचं. पेटीला हात लावून झिणझिण्या आल्या तर लांब व्हा, जनावरं आणि पोरं लांब बांधा-ठेवा, ओल्या जमिनीवरून परत जवळ जाऊ नका, आणि अर्थिंग तपासून झाल्याशिवाय मोटार चालू करू नका.

बॅटरी फुगली असेल, गोड-उग्र वास येत असेल किंवा नुसतीच गरम लागत असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. घराबाहेर, कडब्यापासून लांब, फरशीवर किंवा कोरड्या वाळूत ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला कळवा.

सौर पंपाचा कंट्रोलर हमीत असेल तर सील तोडू नका. तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा. सील तुटलं की पुढचं सगळं तुमच्या खिशातून. दिवसा उन्हात पॅनेलच्या वायरींत मोठं डीसी व्होल्टेज असतंच, स्विच बंद असला तरी.

वीज पडून गेलेल्या सामानात बोर्ड काळा दिसतो किंवा चिपला खड्डा पडतो. त्यावर खर्च करू नका. आभाळ गडगडायला लागलं की प्लग आणि अँटेनाची वायर काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं, ते फोनमध्ये ठेवा. पण ते बघत झाडाखाली उभं राहू नका.

एकदा नीट साफ करून, जोड बदलून, रबर बसवूनही महिनाभरात तोच दोष परत आला तर चिपच्या खाली गंज गेलाय. ते काम मायक्रोस्कोपखालचं आहे. खर्च नव्या वस्तूच्या निम्म्याच्या वर सांगितला तर मी स्वतः गिऱ्हाइकाला नको म्हणतो.

आता नवीन घ्यायचंच झालं तर

डब्यावर नुसतं ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘वेदरप्रूफ’ असेल आणि आकडा नसेल तर त्यावर विसंबू नका. आकडा असेल तर दोन्ही अंक वेगळे वाचा. पहिला धुळीचा: ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे थोडी जाऊ शकते. आपल्या मळणीत आणि पाळी घालताना ६ हवाच. दुसरा पाण्याचा: ४ शिंतोडे, ५ आणि ६ पाण्याचा फवारा, ७ आणि ८ बुडणं. इथं बहुतेकांची फसगत होते. ६७ हा ६६ पेक्षा मोठा आकडा असला तरी बुडण्याची चाचणी पास झालेली वस्तू फवाऱ्यात टिकेलच असं नाही, ती चाचणी वेगळी. खांबावरच्या वस्तूला ६५-६६ उपयोगी. हौदात पडू शकणाऱ्या फोनला, टॉर्चला ६७-६८. ट्रॅक्टर प्रेशर वॉशरनं धुता? मग ६९ लिहिलेलं नसेल तर धुण्याआधी वस्तू काढून ठेवा. नोझल जवळ धरून मारलेलं पाणी चांगल्या रबरालाही उचलतं.

‘मिलिटरी ग्रेड’, ‘एमआयएल-एसटीडी-८१०’ असं लिहिलेलं असतं. ती अमेरिकी लष्कराची चाचण्यांची यादी आहे. त्यातल्या कुठल्या करायच्या हे कंपनी ठरवते आणि त्यावर शिक्का मारणारी सरकारी संस्था नाही. पडण्याची चाचणी केली, उष्णतेची केलीच नाही, तरी नाव तेच. कंपनीच्या माहितीत कुठल्या चाचण्या केल्या ते शोधा.

त्याहून महत्त्वाची ओळ बारीक अक्षरात असते, चालवण्याचं तापमान. ‘० ते ४० अंश’ लिहिलेली वस्तू आपल्या मे महिन्यात उघड्यावर चालवायची नाहीच. ६० किंवा ७० पर्यंतची शोधा. पेटी पॉलिकार्बोनेटची किंवा उन्हात टिकणाऱ्या प्लॅस्टिकची आहे का विचारा, स्क्रूची आहे का बघा, रबर सुटं मिळतं का विचारा. क्लिपवर बंद होणारं झाकण दोन उन्हाळ्यांत सैल होतं.

पैसे कमी असतील तर माझा सल्ला साधा आहे. मजबूत म्हणून विकलेल्या महागड्या वस्तूऐवजी मध्यम वस्तू घ्या आणि उरलेले पैसे चांगली पेटी, ग्लँड, गोंदाची स्लीव्ह आणि वरच्या पत्र्याच्या सावलीवर घाला. फोनच्या बाबतीत मात्र बॅटरी सहज बदलून मिळते का ते आधी बघा.

दुरुस्तीला आणताना वस्तू एकटी आणू नका. तिची वायर, चार्जर, फ्यूजची बैठक, जमल्यास जिथं लावली होती त्या जागेचा फोटो, सगळं घेऊन या. आणि शेवटची कधी चालली, सकाळी की दुपारी, पाऊस पडताना की थांबल्यावर, एवढं आठवून या.